कार्यप्रणालीतील पिन-मांडणीची एकसूत्री वर्णनपद्धती

महाविद्यालयीन प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या रास्पबेरी पायसारख्या बोर्डावरील कोणती पिन कोणत्या कामाची, हे लिनक्स कार्यप्रणालीस ‘डिव्हाइस ट्री’ या वर्णन-फाइलीतून कळते. ग्राउंडला जोडलेल्या बटणाच्या पिनला पुल-अप लागतो. तथापि प्रत्येक निर्मात्याची परिभाषा निराळी होती. ब्रॉडकॉमच्या वर्णनात ‘२’ म्हणजे पुल-अप, तर ऑलविनरच्या वर्णनात ‘२’ म्हणजे पुल-डाउन! अंक तसाच उतरविला की न दाबलेले बटणही दाबलेले दिसते. विद्यार्थी मात्र तारा तपासत बसतो. जानेवारी २०१२ मधील लिनक्स ३.२ मध्ये ‘पिनकंट्रोल’ ही समान व्यवस्था आली. पुढे ‘बायस-पुल-अप’सारखी सामाईक नावे रूढ झाली, ‘ड्राइव्ह-स्ट्रेंग्थ’ मिलिअँपिअरमध्ये लिहावयाची ठरली. प्रात्यक्षिकवहीत अंकांऐवजी हीच नावे लिहवून घ्यावीत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पिननिहाय कार्ये मात्र आजही चिपगणिक वेगळीच आहेत.