डीप पर्पलचा 'मेड इन जपान': तीन रात्री, सात गाणी

लाइव्ह अल्बम ऐकायला कुठून सुरुवात करावी, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: डीप पर्पलचा 'मेड इन जपान'. ऑगस्ट 1972 मध्ये ओसाकाला दोन आणि टोकियोच्या बुदोकानमध्ये एक, अशा तीन कार्यक्रमांतून तो घडला. गंमत म्हणजे बँडला लाइव्ह अल्बमची फारशी हौस नव्हती. आग्रह जपानी कंपनीचा, आणि मुळात तो तिथल्याच बाजारासाठी होता. रेकॉर्डिंग सांभाळलं मार्टिन बर्चने. नंतर स्टुडिओत बसून चुका झाकायच्या नाहीत, हे ठरलेलं होतं. म्हणून जे वाजलं तेच ऐकू येतं.

दोन एलपी, चार बाजू, फक्त सात गाणी! चौथी बाजू तर 'स्पेस ट्रकिन' एकट्यानेच व्यापते, जवळजवळ वीस मिनिटं. जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन मार्शल अँप्लिफायरमधून असा गुरगुरतो की गिटार कुठली नि ऑर्गन कुठला, कळत नाही. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये रिची ब्लॅकमोर गिटारवर एक जागा घेतो आणि इयन गिलन तीच गळ्यातून काढून दाखवतो. आपल्याकडच्या सवाल-जवाबाचा कान असलेल्यांनी हे ऐकाच. हेडफोन लावून, मोठ्या आवाजात.

1976 चा 'मेड इन युरोप'ही दमदार आहे. गायक मात्र डेव्हिड कव्हरडेल. माझं मत अजूनही जपानलाच.