माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

मोरगावहून सुप्याकडे जाणाऱ्या एस.टी.त चैत्र-वैशाखात तुम्ही कधी बसला असाल, तर खिडकीतून काय दिसते ते तुम्हांला सांगावयास नको. करपलेला माळ, उघडा मुरूम, मधूनच एखादे हिवराचे किंवा बोरीचे झाड. शेजारचा प्रवासी हमखास म्हणतो, "काय ही जमीन! नुसती पडून आहे." मीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत असे. भूगोल शिकविणाऱ्याने म्हणू नये, पण म्हणत असे खरा.

काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन इंदापूर तालुक्यातल्या एका माळावर वृक्षारोपणाला गेलो. खड्डे घेतले, गिरिपुष्पाची रोपे लावली, फोटो काढले. जवळच मेंढरे चारणारे एक धनगर आजोबा काठीला टेकून हे सगळे पाहत उभे होते. आमचे काम आटोपल्यावर ते म्हणाले, "मास्तर, चांगलं गवत होतं की हितं. ते कशापायी उकरलं?" मला उत्तर सुचले नाही. पुढच्या पावसाळ्यात जाऊन पाहतो तो रोपे जगलेली दोन-चार, आणि जेथे जेथे आम्ही माती उलथली होती तेथे गाजरगवत माजलेले. आजोबांचा प्रश्न मी तेव्हापासून बरोबर घेऊन हिंडतो आहे.

आता असे पाहा. सह्याद्रीने अडविलेल्या पावसातले उरलेसुरले आपल्या वाट्याला येते. बारामती-इंदापूरकडे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. खाली वीतभर माती आणि मग मुरूम. निरेच्या कालव्याखाली किंवा उजनीच्या पाण्यावर ऊस डोलतो तो भाग निराळा. माळावर मात्र दाट झाडीला लागणारी ओलही नाही आणि खोलीही नाही. गवताला ती लागत नाही. मारवेल, पवन्या, अंजन ही गवते वरून वाळली तरी जमिनीलगतचा त्यांचा कोंब आणि मुळांचे जाळे जिवंत असते. मृगाची पहिली सर पडली की आठ-दहा दिवसांत माळ हिरवा होतो. वळवाच्या पावसात मुरमावरची माती ओढ्यात वाहून जाऊ नये म्हणून तिला धरून ठेवणारे हेच जाळे.

पण मुळात येथे जंगल होते, ते आपल्या पूर्वजांनी तोडले आणि मग माळ उरला, असे शाळेत सांगितले जाते त्याचे काय? आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ साली एक मोठा मौजेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी जुने मराठी वाङ्मय आणि ओव्या काढल्या आणि त्यांत कोणकोणत्या झाडाझुडपांची नावे येतात ते तपासले. तेराव्या शतकापासूनच्या या उल्लेखांत माळरानावरच वाढणारी, उन्हाची आवड असलेली झाडे बहुसंख्येने सापडली. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला हा माळ निदान साडेसातशे वर्षांचा जुना आहे. मराठी शिकविणाऱ्या गुरुजींनी हे जरूर ध्यानात घ्यावे. जात्यावरची ओवी हा वनस्पतिशास्त्राचाही पुरावा ठरू शकतो.

सरकारी दप्तराला मात्र ही गोष्ट पटावयास फार वेळ लागला. इंग्रजी अमलात ज्या जमिनीवर सारा बसत नाही आणि लाकूडही मिळत नाही ती निरुपयोगी ठरली, आणि तोच शिक्का पुढे चालू राहिला. देशाच्या पडीक जमिनींचे जे नकाशे निघाले, त्यांत माळराने आणि झुडुपी राने सरसकट घातलेली आहेत. एकदा पडीक म्हटले की मग कोणीही यावे, सुबाभूळ लावावी, सौरऊर्जेचे पत्रे मांडावेत किंवा भूखंड पाडावेत. विचारतो कोण?

आणि राहतो कोण, तेही पाहू. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले, मोरगावच्या मयूरेश्वराचे नाव त्याला दिलेले आहे. ते चिंकाऱ्यासाठी आहे. पण क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकाऱ्याला अभयारण्याची हद्द वाचता येत नाही. तो गायरानात, वनखात्याच्या उघड्या माळावर, तुमच्या हुलग्या-मटकीच्या रानात हिंडतोच. माळटिटवी आणि धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. झाडी दाटली की ते निघून जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास भोवत्या नावाचे शिकारी पक्षी मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतून हजारो मैल उडत येथे येतात, दिवसभर नाकतोडे टिपतात आणि रात्री उंच गवतात भुईवरच मुक्काम करतात. गवत नसेल तर त्यांनी उतरावे कोठे?

माळाचा खरा धनी लांडगा. हे नाव काढले की मेंढपाळाच्या कपाळाला आठी पडते, आणि ते साहजिक आहे. सबंध देशात हा प्राणी सुमारे तीन हजारच उरला असावा, म्हणजे वाघापेक्षाही कमी. लांडग्याने शेळी-मेंढी मारली तर वनखात्याकडून भरपाई मिळते. पंचनामा मात्र लगेच करून घ्यावा लागतो. परंतु लांडग्याला आज माणसापेक्षा मोठी भीती कुत्र्यांची आहे. कोंबड्यांच्या शेडमागे मेलेल्या कोंबड्या टाकल्या जातात, त्यांवर मोकाट कुत्री पोसतात, त्यांचे रोग लांडग्यांना लागतात, आणि संकरही होतो. पुणे परिसरात असा संकर झाल्याचे २०२३ साली जनुकीय तपासणीने सिद्ध झाले आहे. मेलेल्या कोंबड्या खोल पुरणे एवढी साधी गोष्ट आहे, पण ती कोणी करीत नाही.

मग माळाला कुंपण घालून चराई बंदच करावी काय? येथे जरा हिमालयाकडे वळतो. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात 'फुलांची दरी' म्हणून प्रसिद्ध जागा आहे. १९८२ साली ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि तेथील मेंढपाळांची चराई थांबली. पुढे अमेला नावाची पुरुषभर उंचीची वनस्पती इतकी पसरली की लहान फुलझाडे तिच्या सावलीत दबू लागली. ती आता माणसे लावून उपटावी लागते. चराई थांबल्यानेच हे झाले की काय, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. पण भरतपूरला त्याच साली म्हशींची चराई बंद केल्यावर पाणगवताने तळी भरून गेली, हे मात्र नोंदलेले आहे. जनावराचे तोंड हे नेहमीच शत्रूचे नसते.

आपल्याकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणाकडे उतरत आणि पावसाच्या तोंडाला परत येत. वाटेत शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेई, खताच्या बदल्यात धान्य देई. मधल्या काळात माळाला उसंत मिळे. आता वाटेवर ऊस आहे, कुंपणे आहेत. कळप एकाच जागी अडकतात, तेच गवत मुळापर्यंत खरडले जाते आणि बी धरण्यापूर्वीच संपते. दोष मेंढराचा की वाटा बंद करणाऱ्याचा, याचा निवाडा तुम्हीच करा. माझे मत मी लपवीत नाही.

गावाने ठरविले तर करावयाचे काम अवघड नाही. गायरानाचे तीन-चार तुकडे करावेत. पाळीपाळीने एकेक तुकडा पाऊस पडल्यापासून बी झडेपर्यंत राखावा, नंतर विळ्याने गवत कापून न्यावे. कुसळी गवत तर फुलावर येण्याआधीच जनावर आवडीने खाते. नंतर तिची कुसळे मेंढीच्या लोकरीत आणि तोंडात रुततात. वेडी बाभूळ उपटावी, हिवर-बोर राहू द्यावी. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला वनखात्याने २०२४ मध्ये गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. तेव्हा नुसता माळ पाहावयासही लोक पैसे मोजतात, हे आता गावकऱ्यांना ठाऊक आहे.

शिक्षकांना एक सांगणे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील वनस्पती-प्राण्यांची लोकनोंदवही ठेवावयाची असते. ती कचेरीत बसून भरण्याची वस्तू नव्हे. श्रावणात एखाद्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलांना माळावर न्या, बरोबर गावातला एखादा वृद्ध मेंढपाळ घ्या, आणि तो सांगेल ती नावे मुलांना लिहून घेऊ द्या. आम्ही त्याच धनगर आजोबांना बोलावले होते. मुलांच्या वहीत त्या दिवशी एकोणीस गवते उतरली. त्यांतली तीन अजून मला कोणत्याही पुस्तकात सापडलेली नाहीत. तिन्हींचे नमुने वर्तमानपत्राच्या घडीत दाबून कपाटात ठेवले आहेत.