बेडफर्डच्या पोटात पर्किन्स

आमच्या वणीहून नांदुरीमार्गे सप्तशृंगीचा घाट चढताना आज इंजिनाचा विचार कुणी करत नाही. पण जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या काळात सगळा खेळ त्याचाच होता.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावलेली पहिली एसटी बेडफर्डच होती. त्या काळची बेडफर्ड मुळात पेट्रोलवर चालायची. इंजिन गुळगुळीत, पण लोड घेऊन चढावर निघालं की टाकी रिकामी! उपाय म्हणजे पर्किन्सचं पी-६. १९३७ चं हे सहा सिलिंडरचं, सुमारे ४.७ लिटरचं डिझेल. गार्डनरसारखी इंजिनं टिकाऊ आणि तेल कमी पिणारी, पण वजनदार. ती फोडेन, ईआरएफच्या भक्कम चासीलाच शोभायची. पी-६ मात्र हलकं आणि वेगानं फिरणारं, म्हणून पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी बसवता यायचं. पुढे मद्रासच्या सिम्पसननं पर्किन्स इंजिनं भारतातच बनवली.

माझं लाडकं मात्र कॉमरचं टीएस-३, १९५४ चं. तीन सिलिंडर, पिस्टन सहा! एकाच सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन, मध्ये डिझेलचा भडका, आणि सिलिंडर हेड नाहीच. टू-स्ट्रोक असल्यानं आवाज असा कर्कश, की गाडी दिसायच्या आधी ओळखावी.

त्याच १९५४ पासून टाटा-मर्सिडीज आली, लेलँड मद्रासला रुजली, आणि इंजिन बदलायची खटपटच उरली नाही. कुणाच्या वखारीत जुनं पी-६ पडलं असेल तर फोटो टाका. भंगारात घालू नका, राव!