पुन्हा मूळपदावर

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याहून आमची पुतणी सांगलीला आली, ती वहिनींनी दिलेल्या अनारशांच्या डब्याबरोबर पदार्थविज्ञानाची जर्नलही घेऊन आली. सुट्टी संपताच ती सहीला द्यावयाची होती. आता आमच्या घरात शास्त्र शिकलेले माणूस औषधालाही नाही. मी कॉलेजात मराठी शिकवितो, सौभाग्यवती बँकेत आहेत आणि मातोश्रींची शाळा पाटणला सातवीत संपली. तेव्हा अभ्यासातले काही ही मुलगी आपल्याला विचारील, अशी भीती मला नव्हती. पण दुसऱ्याच दिवशी, चकलीचा सोऱ्या फिरत असताना, तिने विचारलेच.

“काका, इलॅस्टिसिटीला मराठीत काय हो म्हणतात?”

“स्थितिस्थापकता,” मी ऐटीत सांगितले.

“हे मराठी आहे?”

इतकी वर्षे मराठी शिकविणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. सोऱ्या फिरविणाऱ्या सौभाग्यवतींना हसू आवरेना. पोरीचा समज असा, की हा शब्द कुठल्यातरी सरकारी समितीने टेबलाभोवती बसून घडविला असावा. पुष्कळ शब्द तसे घडलेले आहेत, हे मी नाकारीत नाही. पण हा त्यांतला नव्हे. हा शब्द आपल्या नैयायिकांच्या घरचा आहे.

सतराव्या शतकात अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ नावाचे एक चिमुकले पुस्तक लिहिले. न्यायशास्त्र शिकू लागणारा विद्यार्थी पूर्वी त्याच्यापासून आरंभ करी. त्यात चोवीस गुण सांगितले आहेत आणि त्यांपैकी एक आहे ‘संस्कार’. हा संस्कार तीन प्रकारचा. पहिला वेग, दुसरी भावना आणि तिसरा स्थितिस्थापक. वस्तूचा आकार कोणी पालटला तर तिला पुन्हा पहिल्या स्थितीत आणून बसविणारा तो स्थितिस्थापक. उदाहरण दिले आहे ते चटईचे. गुंडाळून ठेवलेली चटई पसरा आणि हात सोडा, की ती पुन्हा गुंडाळली जाते. त्याच्याही कित्येक शतके आधी प्रशस्तपादाने धनुष्य, झाडाची फांदी, शिंग, दात, हाड, सूत, कापड अशी यादीच दिलेली आहे. म्हातारा पदार्थविज्ञानाच्या परीक्षेस बसता, तर निदान तोंडी परीक्षेत तरी पास झाला असता.

मला स्वतःला यातली मधली ‘भावना’ मोठी नवलाची वाटते. ही भावना म्हणजे आपण राग-लोभाला म्हणतो ती नव्हे. अनुभवाने मनावर उमटलेला आणि पुढे आठवण जागी करणारा ठसा, तो भावना. म्हणजे आठवण आणि स्प्रिंग यांना या शास्त्रीमंडळींनी एकाच कुळात घातले आहे! पुतणीला हे फार आवडले. “म्हणजे स्प्रिंगला आपली लांबी आठवते,” ती म्हणाली. मी म्हटले, “तुझ्या सरांसमोर असे म्हणू नकोस, पण माझी हरकत नाही.”

मग मी तिची जर्नल उघडली. प्रयोग असा, की टांगलेल्या स्प्रिंगला वजने लावावयाची, दर वजनाला लांबी किती वाढली ते मोजावयाचे आणि आलेख काढावयाचा. वजन दुप्पट केले की वाढ दुप्पट, तिप्पट केले की तिप्पट, हा रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाचा नियम. हा गृहस्थ मोठा संशयी. आपला शोध कोणी पळवील या भीतीने 1676 साली त्याने तो नुसता कोडे म्हणून छापला. एका लॅटिन वाक्याची अक्षरे सुटी करून वर्णक्रमाने मांडून दिली, आणि उत्तर सांगितले ते दोन वर्षांनी, 1678 मध्ये. इकडे साताऱ्याचा किल्ला 1673 साली स्वराज्यात आला होता, आणि हुकचे कोडे सुटायचे होते त्या काळात महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर होते.

पुतणीच्या आलेखातले सात ठिपके शून्यापासून निघून एका रेघेत असे उभे होते, की कवायतीला उभी राहिलेली पोरेसुद्धा इतकी सरळ राहत नाहीत.

“ठिपके आधी दिलेस की रेघ आधी मारलीस?” मी विचारले.

ती लाजली. “सगळ्यांनी रेघ आधीच मारली, काका. स्प्रिंग खराब होती. कशानेही ठिपके रेघेवर येत नव्हते.”

मी काहीच बोललो नाही. का, ते पुढे सांगतो.

संध्याकाळी आम्ही गणपती पेठेत गेलो आणि हार्डवेअरच्या एका दुकानातून करंगळीएवढ्या जाडीची, वेढ्याला वेढा घट्ट चिकटलेली एक स्प्रिंग आणली. वजने आमच्याकडे कुठली? पण पाण्याचे 50 मिलिलिटर म्हणजे 50 ग्रॅम, हे मलाही ठाऊक आहे. खोकल्याच्या औषधाचे माप घेतले, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला सुतळी बांधली, आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला ही सगळी सामग्री टांगून शेजारी चिरंजीवांची पट्टी चिकटविली.

पहिले 50 ग्रॅम घातले. स्प्रिंग हललीच नाही. आणखी 50 घातले, तर आठ मिलिमीटर खाली आली. मग मात्र ती वळणावर आली : दर 50 ग्रॅमला बरोबर एक सेंटिमीटर. 150 ला 1.8, 200 ला 2.8, 250 ला 3.8. मधे एकदा सौभाग्यवतींना डाळीचा डबा हवा होता म्हणून सर्व यंत्रणा काढून पुन्हा बांधावी लागली, तरी आकडे तेच.

पहिले 50 ग्रॅम कुठे गेले, या प्रश्नाने आम्हां दोघांना रात्री नऊपर्यंत बसविले. पुतणीनेच ते शोधून काढले. अशा घट्ट वेढ्यांच्या स्प्रिंगमध्ये वळतानाच थोडा ताण भरलेला असतो; वेढे एकमेकांना दाबून धरतात. ती पकड सुटेपर्यंत वाढ नाही, आणि सुटल्यावर हुकसाहेबांचा नियम लागू. म्हणजे आलेखाची रेघ सरळच, पण ती शून्यातून निघत नाही. आमच्या स्प्रिंगची निघाली 60 ग्रॅमपासून.

“आमच्या कॉलेजातली स्प्रिंगसुद्धा पहिल्या वजनाला हलली नव्हती!” ती ओरडली. “ती खराब नव्हतीच!”

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. तंबोऱ्याची तार पाहणे हे निमित्त, खरे म्हणजे मला कंटाळा आला होता. मिरजेतल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवावयास घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येथे येऊन गाऊ लागतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. एका दुकानात म्हातारे कारागीर नवी तार चढवीत होते. तार सुरात लावली, बोटाने मधोमध धरून ओढली, पुन्हा लावली, पुन्हा ओढली. असे चार-पाच वेळा.

“खुंटीवर बसेपर्यंत उतरत राहते,” ते म्हणाले. “आत्ताच ओढून घेतली की मग मैफलीत दगा देत नाही.”

पोरीने विचारले, “आजोबा, जास्त ओढली तर?”

“तुटते. नाहीतर मरते. मेलेली तार दिसते तशीच, पण बोलत नाही.”

तारेच्या या वागण्याला शास्त्रात मोजमाप आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीची एक मीटर लांब पोलादी तार घेऊन तिला दहा किलोचे वजन टांगले, तर ती वाढते फक्त अर्धा मिलिमीटर, आणि वजन काढले की तो अर्धा मिलिमीटर परत देते. म्हणून शास्त्रज्ञ पोलादाला रबराहून अधिक स्थितिस्थापक म्हणतात. ऐकायला विपरीत वाटते. पण रबर सहज ताणले जाते आणि पोलाद ताण घेऊनही आपला आकार सोडत नाही, असा त्याचा अर्थ. असो.

घरी आल्यावर पोरीला पुढचे पाहावयाचे होते, म्हणजे स्प्रिंग मरते कधी. डब्यात पाणी वाढवीत गेलो. 500 ला 8.8, 600 ला 10.8. सातशेला 12.8 यावयास हवे होते, पण 14 च्या पुढे गेली. पाणी ओतून टाकले. डबा वर आला, पण पुरता नाही. स्प्रिंग एक सेंटिमीटरहून जास्त लांब राहिली ती राहिलीच.

मातोश्री इतका वेळ पाटावर बसून करंज्यांच्या कडा मुरडीत होत्या. त्यांनी मान वर केली. “म्हणजे तुटलं नाही, पण जागेवरही गेलं नाही,” त्या म्हणाल्या. “कोयनेच्या वेळी आमची जमीन तशीच झाली होती.”

11 डिसेंबर 1967. पहाटेचे चार वाजून गेले होते. मातोश्री बारा वर्षांच्या होत्या. पाटणच्या घरात भिंतीकडेला झोपल्या असताना आधी आवाज आला, जमिनीखालून मालगाडी गेल्यासारखा, मग भिंत. त्यांच्या वडिलांनी त्यांना उचलून बाहेर आणले. धाकट्या चुलतभावाला आणावयास ते परत आत गेले, आणि दोघेही आले, पण वडिलांचा पाय पुढे कधी सरळ झाला नाही. त्या भूकंपात सुमारे 180 माणसे गेली, कोयनानगर भुईसपाट झाले. 103 मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात तडे गेले, पण धरण उभे राहिले आणि पुढे ते मजबूत करण्यात आले.

खडकसुद्धा स्प्रिंगसारखा वागतो, हे अमेरिकेत 1906 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर हॅरी रीड या शास्त्रज्ञाने मांडले. जमिनीच्या पोटात खडक वर्षानुवर्षे थोडा थोडा वाकत राहतो, ताण साठवितो, आणि भेगेवरची पकड सुटली की झटक्यात सरळ होतो. तो झटका म्हणजे भूकंप. कोयनेला शिवाजीसागराचे पाणी साठू लागल्यानंतर धक्के सुरू झाले. पाण्याच्या भाराने आणि भेगांत मुरलेल्या पाण्याने आधीच ताणलेल्या खडकाची पकड ढिली केली, असे शास्त्रज्ञ मानतात. कऱ्हाडला यासाठी सरकारची प्रयोगशाळाच आहे, आणि 2017 साली कोयनेच्या परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून झाले. वर सव्वा किलोमीटरच्या आसपास आपला काळा पाषाण, त्याखाली ग्रॅनाइट. मातोश्रींना हे सर्व पुतणीने मोबाइलवर चित्रे दाखवून समजावून दिले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, “मग आता ताण किती उरलाय, ते सांगतात का?” ते कोणालाच सांगता येत नाही, असे पोरीला कबूल करावे लागले.

त्या रात्री पोरगी जर्नल घेऊन बसली, आणि मला जे दोन दिवस सांगावयाचे होते ते मी तेव्हा सांगितले.

साताऱ्याला शिकत असताना आमच्या वर्गालाही हाच प्रयोग होता. सर बाहेर गेले आणि आम्ही तिघांनी पैज लावली, की स्प्रिंग कोण जास्त ताणतो. मी जिंकलो. स्प्रिंग वीतभर लोंबत राहिली. ती तशीच हुकाला अडकवून आम्ही जागेवर जाऊन बसलो. पुढची पाळी होती ती खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या एका मुलाची. त्याचे आकडे येईनात, आणि स्प्रिंग त्याच्याच हातात सापडली. ब्रेकेजचे तीस रुपये त्याला भरावे लागले. “मी नाही केलं, सर,” एवढे तो दोनदा म्हणाला. पुढचे दोन शनिवार तो डबा न आणता आला, हे मला दिसत होते. माझी रेघ मात्र सरळ आली होती, कारण ती मी आधीच मारली होती.

“मग तुम्ही नंतर सांगितलंत?”

“नाही.”

“त्याचं नाव आठवतं तुम्हांला?”

नाव आठवत होते. हजेरीचा क्रमांक आठवत होता. सरांनी हाक मारली तेव्हा त्याच्या शर्टाचे वरचे बटण नव्हते, तेही आठवत होते. मातोश्री अंधारात जाग्या होत्या की काय कोण जाणे. त्यांनी कूस बदलली.

पोरीने जर्नलमधले पान टरकावले नाही. त्यावर तिरकी रेघ मारून पुढल्या पानावर नवा तक्ता आखला. पहिल्या रकान्यात 50 ग्रॅम लिहिले आणि त्याच्यापुढे शून्य. शेवटी 700 आणि 14.1. “सही मिळेल का हो?” तिने विचारले. मला ठाऊक नव्हते. कॉलेज सोमवारी उघडणार होते.

सकाळी आकाशकंदील लावताना सुतळी सापडेना, म्हणून तीच स्प्रिंग आम्ही कंदिलाला लावली. वारा आला की तो गॅलरीत खालीवर होतो. चिरंजीवांना ते भारी आवडले आहे.