आधी कोंबडी की आधी अंडं?



समोरच्याला गप्प करायचं असेल तर विचारायचा हा हुकमी प्रश्न! कोंबडी म्हणावं, तर ती अंड्यातून आली. अंडं म्हणावं, तर ते कोंबडीनं घातलं. या चक्रात माणसं फार पूर्वीपासून सापडली आहेत. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी प्लूटार्क या ग्रीक लेखकानं जेवणाच्या पंगतीतल्या गप्पा लिहून ठेवल्या, त्यांत हाच वाद आहे. आपल्याकडे कोंबडीच्या जागी झाड आलं. आधी बी की आधी अंकुर? याला ‘बीजांकुरन्याय’ म्हणतात. ज्याला आरंभच नाही असं काही समजावून सांगताना आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात तो वापरला आहे.

आम्हा संगणकवाल्यांची एक सवय असते. उत्तर सापडत नसेल तर आधी प्रश्न नीट लिहून काढायचा. आपणही तसंच करू या.

प्रश्न १ : कुठलंही अंडं चालेल का?

चालत असेल तर अंडं आधी, आणि तेही फार आधी. मासे आणि बेडूक कोंबडी जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून अंडी घालत होते. कोरड्या जमिनीवर टिकणारं, आत पाण्याची पिशवी असलेलं अंडं साधारण तीस कोटी वर्षांपूर्वी आलं. नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात (हीच ती पवारांची धार), डायनोसॉरांची ९२ घरटी आणि त्यांत २५६ अंडी सापडल्याचं शास्त्रज्ञांनी २०२३ साली जाहीर केलं. ती साडेसहा कोटी वर्षांहून जुनी आहेत. पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज, हे लक्षात ठेवा.

इतकं लांबही जायला नको. आपल्या शेजारच्या अबू धाबीत, पश्चिमेकडच्या अल धफ्रा भागात, शहामृगासारख्या मोठ्या पक्ष्यांच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले आहेत. ते सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीचे. तेव्हा तिथे वाळवंट नव्हतं, नदी वाहत होती. अंडी होती, पण कोंबडीचा पत्ता नव्हता.

प्रश्न २ : कोंबडीचंच अंडं हवं का?

मग आधी ठरवा, ‘कोंबडीचं अंडं’ म्हणजे कोणतं? कोंबडीनं घातलेलं, की ज्यातून कोंबडी बाहेर येते ते? पिल्लू कसं होणार हे त्याच्या जनुकांत लिहिलेलं असतं, आणि ती जनुकं अंडं तयार होतानाच ठरतात. पक्षी मोठा होता होता आपली जात बदलत नाही. म्हणजे समजा, जगात एक ‘पहिली कोंबडी’ होती. तर ती अंड्यात असतानाच कोंबडी होती, आणि ते अंडं घालणारी तिची आई मात्र अजून पुरती कोंबडी नव्हती. अशा हिशेबानं अंडं आधी. ‘कोंबडीनं घातलेलं’ हा अर्थ घेतला तर कोंबडी आधी.

२०१० साली ‘कोंबडीच आधी’ अशी बातमी जगभर गाजली. शेफील्ड आणि वॉरिक विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी, कोंबडीच्या शरीरातलं एक प्रथिन कवच घट्ट करायला कशी मदत करतं, हे संगणकावर दाखवलं होतं. ते प्रथिन कोंबडीत, म्हणून कोंबडी आधी, असा अर्थ बातमीदारांनी काढला. पण तशीच प्रथिनं शहामृगाच्या कवचातही आहेत. म्हणजे कवच बनवण्याची कला कोंबडीहून जुनी आहे.

प्रश्न ३ : मग पहिली कोंबडी कोणती?

इथे खरी गंमत आहे. अशी कोंबडी नव्हतीच!

कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. २०२० साली ८६३ पक्ष्यांची जनुकं तपासून असं दिसलं की तो नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यात माणसाळला. कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं थायलंडमधल्या बान नोन वाट इथली, इ.स.पू. १६५० ते १२५० या काळातली. भाताच्या दाण्यांच्या ओढीनं हे पक्षी माणसाजवळ आले असावेत.

आणि आपल्या सह्याद्रीचाही यात वाटा आहे. पुष्कळ कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते. ते पिवळेपण देणारं जनुक तांबड्या रानकोंबड्याचं नाही. ते सह्याद्रीत आणि दक्षिण भारतात राहणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आलं, असं २००८ साली सिद्ध झालं. तेव्हा कोंबडी एका दिवसात झाली नाही आणि एका घरातही झाली नाही. प्रत्येक पिल्लू आपल्या आईसारखंच होतं, फरक असला तर तिळाएवढा. असे तीळ साठत साठत कोंबडी झाली.

आता मराठीचं बघा

प्राकृत बोलणाऱ्या आईला एके सकाळी मराठी बोलणारं मूल झालं, असं कधी घडलं का? नाही. प्रत्येक आईला आपल्या मुलाचं बोलणं कळतच होतं. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा. तो आधीचा की श्रवणबेळगोळचा, असा वाद विद्वान घालत आले. पण तो दगडावरच्या पहिल्या मराठीचा वाद आहे. तोंडातली पहिली मराठी कुणालाच दाखवता येणार नाही.

आपल्या घरांतलं कोंबडी-अंडं मात्र वेगळं आहे. मुलं मराठी बोलत नाहीत, कारण नीट येत नाही. आणि नीट येत नाही, कारण बोलत नाहीत. सुट्टीत गावी गेलं की भावंडं हसतात, मग उरलेलं बोलणंही बंद.

संगणकात हाच पेच आहे. आपण लिहिलेली आज्ञावली यंत्राला समजेल अशी करून देतो, त्याला कंपायलर म्हणतात. पुष्कळदा तो कंपायलर त्याच भाषेत लिहिलेला असतो. मग पहिला कंपायलर कुणी चालवला? केन थॉम्पसन यांनी एका भाषेचा पहिला कंपायलर दुसऱ्याच साधनानं, जमेल तसा बनवला. मग त्याच्याच मदतीनं तो त्याच भाषेत पुन्हा लिहिला. त्या भाषेचं नाव, योगायोग बघा, ‘बी’! तिच्यातूनच डेनिस रिची यांनी पुढे प्रसिद्ध ‘सी’ भाषा वाढवली.

तेव्हा मुलांनो, “मी शूज वेअर केले” म्हणायला लाजू नका. ते आपलं बी आहे. आणि पालकहो, हसू नका, रागावूही नका. नुसतं म्हणा, “हो का? बूट घातलेस?” उद्या तेच वाक्य तिळाएवढं पुढे सरकेल. रानकोंबड्यापासून आजच्या कोंबडीपर्यंत अनेक बदल झाले, पण मधली एकही पिढी गळली नाही. गळली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

या आठवड्याचा गृहपाठ : आजीला किंवा आजोबांना फोन करा. ते लहानपणी वापरत, पण आई-बाबा वापरत नाहीत, असे पाच शब्द विचारून वहीत लिहा. शनिवारच्या वर्गात आपण ते फळ्यावर मांडू.

– एक पालक, ऊद मेथा