पाटीवरचं १९१९ चुकीचं नाही

दर नोव्हेंबरात मला एक फोटो येतो. पाठवणारा दरवेळी वेगळा, फोटो जवळपास तोच. साताऱ्याकडचं नाहीतर कोकणातलं एखादं गाव, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली दगडी पाटी, त्यावर कोरलेली इंग्रजी अक्षरं. या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. गाव बदललं की आकडे बदलतात, बाकी शब्द तेच राहतात. आणि मधे सालं असतात: १९१४-१९१९.

फोटोखाली प्रश्नही ठरलेला. "महायुद्ध तर १९१८ ला संपलं ना? मग इथे १९१९ कसं? पाथरवट चुकला वाटतं." गेल्या वर्षी तर एका शिक्षकांनी विचारलं की चावडीचं काम काढलंच आहे, तर नवाचा आठ करून घ्यावा का? एवढ्या चांगल्या मनाने विचारलेला प्रश्न वाचून मी हादरलो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पाथरवट चुकलेला नाही. चुकला असता तर तीच चूक पंजाबात, हरियाणात, साताऱ्यात आणि रत्नागिरीत एकाच वेळी कशी झाली असती? दिल्लीच्या इंडिया गेटवर माथ्याशी 'इंडिया' हा शब्द कोरला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना रोमन आकड्यांत सालं आहेत: एकीकडे १९१४, दुसरीकडे १९१९. ही वास्तू १९३१ मध्ये खुली झाली. तिची आखणी एडविन लुट्येन्सने केली होती. इतक्या मोठ्या सरकारी स्मारकावर कोणी साल विसरून चुकीचं कोरत नाही.

गैरसमज: ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता पहिलं महायुद्ध संपलं.

वस्तुस्थिती: त्या दिवशी शस्त्रसंधी झाली, आणि तीसुद्धा एका आघाडीवर. शस्त्रसंधी म्हणजे तह नाही. हा फरक मराठी वाचकाला तरी वेगळा समजावून सांगावा लागू नये. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा साल्बाईचा तह १७ मे १७८२ रोजी झाला, पण नाना फडणवीसांनी त्याला मान्यता दिली ती फेब्रुवारी १७८३ मध्ये. लढाई थांबणं, तह लिहिला जाणं आणि तो मान्य होणं या तीन पायऱ्या आपल्या इतिहासात आपण नीट वेगळ्या ओळखतो. युरोपच्या बाबतीत मात्र तिन्ही एका तारखेत कोंबतो.

फ्रान्समधल्या काँपिएन्यच्या जंगलात, रेल्वेच्या एका डब्यात, पहाटे पाचच्या सुमारास जर्मन प्रतिनिधींनी सह्या केल्या. अंमल सकाळी अकरापासून होता. तो करार फक्त ३६ दिवसांचा होता. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी अशी तीन वेळा त्याची मुदत वाढवावी लागली. संपलेल्या युद्धाच्या शस्त्रसंधीची मुदत कोणी वाढवत नाही. शिवाय शस्त्रसंधीनंतरही जर्मनीची समुद्री नाकेबंदी चालूच राहिली आणि १९१९ च्या जुलैपर्यंत उठली नाही. माणसं उपाशी राहत होती आणि पुस्तकात युद्ध संपलेलं होतं.

सह्या झाल्यापासून अकरा वाजेपर्यंतचे ते सहा तास तरी शांत गेले का? तेही नाही. इतिहासकार जोसेफ पर्सिको यांच्या हिशेबाप्रमाणे त्या एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून २,७०० च्या वर सैनिक मेले. बाल्टिमोरचा हेन्री गुंथर हा अमेरिकन शिपाई १० वाजून ५९ मिनिटांनी जर्मन मशीनगनच्या दिशेने धावत गेला. समोरच्या जर्मनांना शस्त्रसंधी माहीत होती. त्यांनी हातवारे करून त्याला परत जायला सांगितलं. तो थांबला नाही, आणि एक मिनिट उरलेलं असताना त्याला गोळी लागली.

आणि हे सगळं फक्त पश्चिम आघाडीबद्दल. बल्गेरियाची शस्त्रसंधी २९ सप्टेंबरला झाली होती, तुर्कस्तानची ३० ऑक्टोबरला, ऑस्ट्रिया-हंगेरीची ३ नोव्हेंबरला. पूर्व आफ्रिकेत जर्मन सेनापती पाउल फॉन लेटो-फोरबेक ११ तारखेला लढतच होता. शस्त्रसंधीची बातमी त्याच्यापर्यंत दोन-तीन दिवसांनी पोचली. आजच्या झांबियातल्या आबरकॉर्न या गावी त्याने शस्त्रं खाली ठेवली ती २५ नोव्हेंबर १९१८ रोजी. तेव्हा त्याच्याबरोबर दीडशेच्या आसपास युरोपीय आणि हजारावर आफ्रिकी शिपाई होते. म्हणजे निव्वळ लढाईचा शेवट धरला, तरी ११ नोव्हेंबर चौदा दिवसांनी कमीच पडतो.

आता ती पाटी ज्यांच्यासाठी बसवली, त्यांचा विचार करा. मराठी शिपायांची मोठी आघाडी फ्रान्स नव्हती, मेसोपोटेमिया होती, म्हणजे आजचा इराक. सहावी पुणे डिव्हिजन तिथेच लढली. टायग्रिसकाठच्या कूत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. जवळपास पाच महिने उपासमार सोसल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडलं आणि हजारो हिंदी शिपाई तुर्कांचे कैदी झाले. त्यांतले कितीतरी वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत मेले. पुढे ११४ वी मराठा पलटण टायग्रिसकाठी शरकातला लढली ती ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस, तुर्की शस्त्रसंधीच्या अगदी तोंडावर. या माणसांच्या युद्धाशी ११ नोव्हेंबरचा संबंध फार थोडा. आणि शस्त्रसंधीनंतर सगळे लगेच घरी आले असंही नाही. हिंदी फौजा इराकमध्ये तळ देऊन राहिल्या. १९१९ च्या मे महिन्यात तिसरं अफगाण युद्ध सुरू झालं. १९२० मध्ये इराकमध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला, तेव्हाही तिथे हिंदी शिपाईच मोठ्या संख्येने होते. घरच्यांच्या दृष्टीने युद्ध संपणं म्हणजे माणूस दारात उभा राहणं. ती तारीख प्रत्येक घराची वेगळी होती आणि काही घरांत ती आलीच नाही.

मग १९१९ कुठून आलं? २८ जून १९१९ रोजी जर्मनीशी व्हर्सायचा तह झाला, पाटीवरचं साल त्या तहाचं आहे. त्यावर भारताच्या वतीनेही सह्या आहेत: भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या. लोकमान्य टिळक तेव्हा इंग्लंडमध्येच होते. शांतता परिषदेसाठी काँग्रेसने त्यांचं नाव पुढे केलं होतं, पण भारताच्या जागेवर सरकारने निवडलेलीच माणसं बसली.

ज्यांना अजून शंका असेल, त्यांनी घरातली जुनी पेटी उघडावी. महायुद्धातल्या हिंदी सैनिकांना मिळालेल्या पदकांपैकी दोन अजून अनेक घरांत सापडतात. एक ब्रिटिश वॉर मेडल. त्याच्या मागच्या बाजूला घोडेस्वार आहे आणि सालं आहेत १९१४ आणि १९१८. दुसरं ब्राँझचं व्हिक्टरी मेडल, इंद्रधनुष्यी फितीचं. त्याच्या पुढच्या बाजूला पंख असलेली विजयदेवता, मागे मजकूर आणि सालं: १९१४-१९१९. दोन्हींच्या कडेवर त्याच शिपायाचा क्रमांक आणि नाव ठोकलेलं. एकाच माणसाच्या छातीवर, एकाच सरकारने, शेजारी शेजारी दोन वेगळी सालं लावली. यात कुठलंच चूक नाही. पहिलं साल लढाई थांबल्याचं आहे, दुसरं तह झाल्याचं.

कायद्याच्या दृष्टीने तर १९१९ सुद्धा लवकरच म्हणावं लागेल. ब्रिटिश पार्लमेंटने शस्त्रसंधीनंतर दहाच दिवसांनी, २१ नोव्हेंबर १९१८ रोजी, एक खास कायदा केला. युद्ध कोणत्या तारखेला संपलं असं मानायचं हे राजाने पुढे जाहीर करावं, एवढाच त्याचा विषय. म्हणजे खुद्द पार्लमेंटच्या मते ११ नोव्हेंबरला युद्ध संपलेलं नव्हतं. या कायद्याखाली जर्मनीशी युद्ध संपल्याची तारीख ठरली १० जानेवारी १९२०, ऑस्ट्रियाशी १६ जुलै १९२०, बल्गेरियाशी ९ ऑगस्ट १९२०, हंगेरीशी २६ जुलै १९२१. एकूण युद्धाचा शेवट जाहीर झाला तो ३१ ऑगस्ट १९२१ रोजी, आणि त्यातूनही तुर्कस्तान वगळलं होतं. तुर्कस्तानशी लोझानचा तह २४ जुलै १९२३ ला झाला आणि लागू झाला ६ ऑगस्ट १९२४ रोजी. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि नावं सांभाळणारं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन आजही ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ हाच कालखंड धरतं. १९२० मध्ये जखमांनी किंवा तापाने मेलेला शिपाई म्हणूनच महायुद्धातला मृत म्हणून नोंदला जातो. पाटीवरच्या 'इतक्यांनी प्राण दिले' या आकड्याकडे बघताना हे लक्षात ठेवा.

"पण या कागदी तारखांनी कोणाला काय फरक पडला?" असं कोणी म्हटलं की मला राग येतो, कारण आपल्याच देशाला फार मोठा फरक पडला. १९१५ चा भारत संरक्षण कायदा युद्ध चालू असेपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने लागू राहणार होता. चौकशीशिवाय माणसाला डांबून ठेवायची सोय त्याच कायद्यात होती. युद्ध संपलं की हा अधिकार जाणार, ही सरकारची काळजी होती. ती दूर करण्यासाठी मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आणला गेला. त्याविरुद्ध देश पेटला आणि १३ एप्रिलला अमृतसरला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. तेव्हा व्हर्सायचा तह व्हायला अडीच महिने बाकी होते. युद्ध कधी संपलं, या प्रश्नाशी आपली माणसं तुरुंगात ठेवण्याचा प्रश्न असा बांधलेला होता.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात

*सारायेव्होत गोळी झाडली त्या दिवशी युद्ध सुरू झालं.* आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा खून २८ जून १९१४ चा. ऑस्ट्रियाने सर्बियाशी युद्ध पुकारलं बरोबर एका महिन्याने, २८ जुलैला.

*युद्ध सगळ्यांसाठी एकाच दिवशी सुरू झालं.* मुंबई इलाख्यासाठी ते ४ ऑगस्ट १९१४ ला सुरू झालं. पोर्तुगालच्या ताब्यातल्या गोव्यासाठी ९ मार्च १९१६ ला, कारण जर्मनीने पोर्तुगालशी युद्ध पुकारलं ते त्या दिवशी. इटली १९१५ मध्ये उतरली, अमेरिका १९१७ मध्ये.

*भारताने युद्धात उतरायचं ठरवलं.* भारताला कोणी विचारलंच नाही. लंडनने युद्ध पुकारलं, त्यात भारत आपोआप आला.

*जर्मनीने ११ नोव्हेंबरला बिनशर्त शरणागती पत्करली.* ती गोष्ट मे १९४५ ची. १९१८ मध्ये अटी होत्या, आणि त्या कडक होत्या.

*तेव्हाचे लोक त्याला पहिलं महायुद्ध म्हणत.* ते नुसतं 'महायुद्ध' म्हणत. 'पहिलं' हा शब्द रुळला तो दुसरं झाल्यावर. पाटीवरही नुसतं महायुद्धच आहे.

*दुसऱ्या महायुद्धाचा शेवट तरी एका तारखेचा.* तोही नाही. युरोपात मे १९४५, जपानची शरणागतीची सही २ सप्टेंबर १९४५, आणि स्वतंत्र भारताचा जपानशी शांततेचा तह ९ जून १९५२.

मग विद्यार्थ्यांनी काय लिहायचं? परीक्षेत १९१४ ते १९१८ लिहा. तो मुख्य लढाईचा कालखंड आहे आणि ते उत्तर बरोबर आहे. फक्त कुणी १९१९ म्हटलं तर त्याला अडाणी ठरवू नका, आणि शिक्षकांनी त्या नवावर लाल रेघ मारू नये. दोन सालं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत: गोळ्या कधी थांबल्या आणि तह कधी झाला.

त्या शिक्षकांना मी जे कळवलं तेच इथे सर्वांना सांगतो. पाटीवर धूळ असेल तर ओल्या फडक्याने पुसा. अक्षरांतला रंग उडाला असेल तर तोच रंग पुन्हा भरा. पाटीवर नावं नाहीत, नुसते आकडे आहेत, म्हणून गावातल्या जुन्या माणसांना विचारून त्या घरांची नावं लिहून ठेवा, कारण हे काम आणखी वीस वर्षांनी करता येणार नाही. छिन्नी मात्र लावू नका. तो नऊ बरोबर आहे.