परिणाम म्हणजे काय रे?

मुलगा सतरा वर्षांचा. समोरच्या स्टुलावर, दोन्ही पाय स्टुलाच्या आडव्या पट्टीत अडकवून बसलेला. मी विचारलं, "असं केल्यावर परिणाम काय होईल, हे तेव्हा मनात आलं होतं का?"

त्याने बराच वेळ विचार केला आणि मान खाली घालून म्हणाला, "नववी फेल."

मी वहीत लिहिलं : प्रश्नाचं आकलन नाही, परिणामांची जाण मर्यादित. तारीख टाकली, सही केली. संध्याकाळी पडघ्याला परतताना राजनोली नाक्यावर एसटी नेहमीसारखी अडकली. तिथे ट्रेलरच्या रांगेत बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. मुलगा भिवंडीत हिंदी शाळेत शिकलेला. हिंदीत परिणाम म्हणजे परीक्षेचा निकालही होतो. मी विचारलं तुझा परिणाम काय, त्याने सांगितलं नववी फेल. त्याचं उत्तर बरोबर होतं, चुकलेली मी होते.

पुढच्या आठवड्यात त्याच्या भाषेत विचारलं, "ऐसा होने के बाद आगे क्या-क्या होता है?" मग तो बोलायला लागला. पोलीस, दवाखाना, लूमचा मालक, आईचं सुटलेलं काम, धाकट्या भावाला शाळेत पोरं काय म्हणतात, आणि सगळ्यात शेवटी, "उसके घर में भी तो कोई होगा." वहीतली आधीची ओळ मी खोडली नाही. शेजारी 'चूक माझी' असं लिहिलं. ती वही अजून आहे.

मी मानसशास्त्रज्ञ आहे, घर पडघ्यात. आठवड्यातले काही दिवस माझा दवाखाना असतो : परीक्षेची भीती, दारू, सासू-सून, झोप न येणं. आणि मधून मधून बोलावणं येतं ते बाल न्याय मंडळाच्या कामासाठी. इकडचे लोक त्याला अजून 'रिमांड होमचं काम' म्हणतात. या लेखातला मुलगा एक नाही, अनेकांची सरमिसळ आहे, तपशील बदललेले आहेत. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा नसता तरी मी नाव सांगितलं नसतंच.

नाक्यावरचा मेडिकलवाला मला ठरलेला प्रश्न विचारतो, "मॅडम, तुम्ही नार्को करता ना?" नाही हो. नार्को, पॉलिग्राफ, मेंदूच्या लहरींवरून 'आठवण' ओळखायची चाचणी, हे प्रयोगशाळेचं काम. त्यासाठी कालिन्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. पुण्यात 2008 साली एका खून खटल्यात अशा मेंदूचाचणीचा निष्कर्ष पुरावा म्हणून धरून शिक्षा झाली आणि जगभर चर्चा झाली. पुढे 5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमतीशिवाय यातली कुठलीही चाचणी करता येणार नाही, आणि संमतीने केली तरी तिचा निकाल हा थेट पुरावा नव्हे. सिनेमावाल्यांना हे अजून कळलेलं दिसत नाही. मेडिकलवाल्याला मी तीनदा सांगितलं आहे.

माझं काम खरं-खोटं ठरवण्याचं नाहीच. मुलाने गुन्हा केला की नाही हे मला कुणी विचारत नाही, आणि मीही मुलाला विचारत नाही. 2015 चा बाल न्याय कायदा 15 जानेवारी 2016 पासून लागू झाला. त्यामागे दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराचा संताप होता. मूल सोळा ते अठरा वयातलं असेल आणि आरोप किमान सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्याचा असेल, तर मंडळाने आधी प्राथमिक मूल्यांकन करायचं : हा गुन्हा करण्याची मुलाची शारीरिक आणि मानसिक क्षमता होती का, त्याचे परिणाम समजण्याची कुवत होती का, आणि तो कोणत्या परिस्थितीत घडला. मूल मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिन्यांत. त्यावर ठरतं की त्याला मूल म्हणूनच वागवायचं, म्हणजे जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह, की प्रौढ म्हणून खटला चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवायचं. तिथे फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप होत नाही, पण एकविसाव्या वर्षानंतर तुरुंगाचं दार उघडू शकतं. जुलै 2022 मध्ये गुरुग्रामच्या शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हे नाजूक काम आहे, आणि मंडळात बालमानसशास्त्राची पदवी असलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल. तेव्हापासून माझ्यासारख्यांचा फोन जास्त वाजतो.

फोन आला की आधी कागद बघायचे. फिर्याद, परिवीक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपास अहवाल, वयाचा पुरावा. कायद्याचा क्रम असा की आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत-पालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी. वीटभट्टीवर जन्मलेल्या कातकरी पोराकडे यातलं पहिलं नसतं, दुसरंही बहुतेक वेळा नसतं. जन्म कुठल्या भट्टीवर झाला ते आईला आठवतं, तारीख नाही. "बयाणा घेतला त्या साली," असं उत्तर मी ऐकलं आहे.

पहिल्या भेटीत मी चाचणीची पेटी उघडत नाही. मुलगा मला पोलीस समजतो, नाहीतर जज्ज, नाहीतर सुया टोचणारी डॉक्टर. त्याला मी आधीच सांगते, "तू मला जे सांगशील ते मी लिहिणार आहे, आणि ते मंडळापुढे जाणार आहे. जे सांगायचं नाही ते सांगू नकोस." दवाखान्यात माझं पहिलं वाक्य नेमकं उलटं असतं, की हे या खोलीबाहेर जाणार नाही. एकाच तोंडाने ही दोन वाक्यं बोलायची सवय व्हायला मला काही वर्षं लागली. काही मुलं हे ऐकून गप्प होतात. तो त्यांचा हक्क आहे. गप्प बसणं म्हणजे पश्चात्तापाचा अभाव, असा अर्थ काढणारे अहवाल मी वाचले आहेत. त्या लेखकांशी माझं जमत नाही.

मुलांना आतून सल्लेही मिळतात. "मॅडमसमोर येडा बन." एकाने दोन अधिक दोन पाच सांगितले, मग माझा चेहरा बघून स्वतःच हसला.

दुसऱ्या भेटीत पेटी उघडते. धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी बिनेची बुद्धिमत्ता कसोटी 1930 च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. नागपूरच्या मालिन यांनी वेक्सलरची कसोटी भारतीय मुलांसाठी बसवली. पण शाळा सुटलेल्या मुलाला शब्दांच्या प्रश्नांवर तोलणं अन्यायाचं होतं, म्हणून मी बहुतेकदा भाटियांच्या कृतिकसोट्या काढते. त्यात लाकडी रंगीत ठोकळे जुळवून चित्रासारखी नक्षी करायची असते. एका तबकात निळे-लाल तुकडे असतात. ते उचलायचे नाहीत, फक्त सरकवत सरकवत लाल तुकडे लाल कडेला आणि निळे निळ्या कडेला आणायचे.

महामार्गालगतच्या एका गोदामात खोकी लावणारा एक मुलगा. सातवीनंतर शाळा नाही. शब्दांच्या प्रश्नांत तो अडखळला होता. तबक हातात आलं आणि बोटं आपोआप चालायला लागली. एक तुकडा अडला की तो मागे नेऊन दुसऱ्याला वाट करून द्यायचा. "गोदामात असंच करावं लागतं," तो म्हणाला, "मागचं खोकं काढायचं तर पुढचं कुठे ठेवायचं ते आधी बघायचं." मी "शाब्बास!" म्हणून गेले. त्याने चमकून वर पाहिलं. हा शब्द त्याच्या वाट्याला फारसा आलेला नसावा.

त्याच क्षणी माझ्या पोटात खड्डा पडला. बाहेरच्या जगात हुशार ठरलं की भलं होतं, इथे गणित उलटं आहे. जितके गुण जास्त, तितकं 'याला सगळं समजत होतं' म्हणणं सोपं. मागचं खोकं काढण्याआधी पुढचं कुठे ठेवायचं, हे त्याचं कौतुकाचं वाक्य सरकारी वकिलाच्या तोंडी 'पूर्वनियोजनाची क्षमता' होऊन जाईल. मी गुण तसेच लिहिले. कमी कसे लिहिणार? पण खाली लिहिलं की ही क्षमता शांत खोलीत, एकट्याने, वेळ हाताशी असताना दिसली आहे.

हे खाली लिहिणंच माझ्या मते या कामाचा गाभा आहे. कायदा विचारतो तो प्रश्न 'त्या दिवशी'चा आहे. माझ्या समोर बसलेला मुलगा आजचा आहे. मधल्या आठवड्यांत त्याने कोठडीची गाडी पाहिली, कोर्टाचं आवार पाहिलं, आईला रडताना पाहिलं. परिणाम काय होतात ते त्याला आता तोंडपाठ आहे. हिंदी शाळेतल्या त्या मुलानेही मला जे सुरेख सांगितलं, ते त्याला आधी माहीत होतं की नंतर शिकला, हे त्याच्या उत्तरात लिहिलेलं नव्हतं. कुठल्याही पेटीत मागच्या तारखेचं मोजमाप करणारी कसोटी नाही.

म्हणून मी एक घरगुती प्रश्न विचारते. कसोटी नाही ती, नुसत्या गप्पा. पडघ्याला विजेचं मोठं उपकेंद्र आहे. चंद्रपूरहून साडेसातशे किलोमीटर तारा ओढून 500 किलोव्होल्टची वीज 1999 पासून इथे येते. इकडच्या पोरांना टॉवर नवे नाहीत, पावसाळ्यात तारांची गुणगुण ऐकत ती मोठी होतात. मी विचारते, "टॉवरवर चढलं तर काय होतं?"

"मरतो."

"नक्की?"

"जळून कोळसा."

"कुणी चढतं का?"

इथे हसू येतं. "चढतात ना. पतंग अडकला की."

"तू?"

"एकदा. अर्ध्यापर्यंत."

"एकटा होतास?"

"एकटा कोण चढेल, मॅडम? पोरं होती खाली. चढ चढ करत होती."

माहीत असणं आणि थांबता येणं यांतलं अंतर मुलगा स्वतःच दाखवून देतो. थंड डोक्याने विचारलं तर सोळा-सतराचं पोर प्रौढासारखं उत्तर देतं, खाली दोस्त ओरडत असले की तेच डोकं वेगळं चालतं. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या पुढेही पक्का होत असतो, हे आता पाठ्यपुस्तकात आहे. याचा अर्थ गुन्हा माफ, असा मी कधी लिहिलेला नाही. काही मुलांची तयारी अनेक दिवसांची होती. तेही मी लिहिलं आहे, आणि त्या रात्री जेवण गेलं नाही.

तिसरी भेट मुलापेक्षा आईची जास्त असते. आई मुलाविषयी बोलायला आलेली असते आणि स्वतःविषयी बोलते. एकीने पाच मिनिटांत तीन घरं, दोन भट्ट्या, एक नवरा आणि एक साप सांगितला. जाताना दारात थांबली. "बाई, माज्या पोऱ्याला कदी सोडतील?" मी सांगितलं, ते माझ्या हातात नाही. "मग तुम्ही एवढं काय लिवता?" याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. सामाजिक अहवालात तिच्या संसाराचा उल्लेख 'कौटुंबिक वातावरण अस्थिर' एवढाच होता. साप मी माझ्या अहवालात घेतला, कारण तो धाकट्या बहिणीला चावला तेव्हा आठ वर्षांच्या या मुलाने तिला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं होतं.

मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक सदस्य असतात, त्यांतली एक तरी स्त्री. निर्णय त्यांचा. माझा अहवाल हा सल्ला. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करता येतं, आणि तिथे दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाचं मत घेण्याची सोय कायद्यातच आहे. ती तरतूद मला आवडते. माझी 'नववी फेल' राजनोली नाक्यावर सापडली. त्या दिवशी रस्ता मोकळा असता तर?

आता एक विनंती. मंडळाला मदत करणाऱ्या अशा तज्ज्ञांची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्ष देऊ शकतो. मराठी आणि हिंदीवर मी भागवते, आगरी समजते. पण गेल्या वेळी समोर बसलेला मुलगा आईशी कातकरीत बोलत होता आणि माझ्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच. मी चार वेळा 'काय समजलं?' विचारलं, तो चारही वेळा 'हो' म्हणाला. मानसशास्त्र शिकलेल्या आणि कातकरी बोली येणाऱ्या कुणी हे वाचलं, तर त्यांनी ठाण्याच्या कक्षाकडे आपलं नाव द्यावं. मला ती बोली येत नाही.